टोळ खाणाऱ्या पाखरांची नावं

आंजी (मोठी), जि. वर्धा
ता. ४ जून २०२०

सपनाताईंना,
वेदश्रीचा नमस्कार. तुम्ही, जावईबापू आणि मुलं सुखरूप असाल, नाशकात आजाराचं फार ऐकतो म्हणून काळजीनं विचारते.

पाकिटावरचं अक्षर तुम्हाला ओळखू आलं नसेल. मी रजतची बायको, म्हणजे नात्यानं तुमची भावजय. मी या घरात आले तेव्हा तुम्ही लग्न करून गेल्याला बरीच वर्षं झाली होती, त्यामुळे आपली भेट कधी झाली नाही. तुमच्या मैत्रिणीकडून, वर्षालीकडून, तुमचा पत्ता घेतला. तिनं फोन नंबरही दिला होता. तो मी लावला, वाजू लागला आणि ठेवून दिला. मग पुन्हा तसंच केलं. कोण मेलं त्रास देतंय असं तुम्ही म्हणाला असाल. आवाज ओळखीचा नाही, आणि पहिल्याच बोलण्यात काय सांगायचं ते सुचेना. कागदावर खोडता येतं.

इकडे सगळे ठीक आहेत. आईंचे गुडघे धरतात, पण सडा-रांगोळी अजून कुणाला करू देत नाहीत. रजत शेतीचं बघतो. मी गावातल्याच शाळेत शिकवते. माझं माहेर अल्लीपूर.

तुमच्याकडे एक काम होतं. शाळा बंद आहे, पण मुलांना घरबसल्या काहीतरी उपक्रम द्यावा लागतो. यंदा आपल्याकडे टोळ आले. म्हणून मनात आलं, टोळ खाणाऱ्या पाखरांची आपल्या शिवारातली नावं गोळा करावी. पुस्तकातली नावं मला माहीत आहेत. माझ्या माहेरची थोडी वेगळी, तीही येतात. पण मामाजींच्या, म्हणजे तुमच्या बाबांच्या तोंडी जी नावं असतात त्यांतली निम्मी मला लागत नाहीत. काळा गोविंद म्हणजे कोणता? ढोरबगळा म्हणजे आपला गायबगळाच ना? चास कोणता? आणि भोरडी? लहानपणी तुम्ही सदान्‌कदा त्यांच्यामागे शेतात असायचात असं आई सांगतात, म्हणून तुम्हालाच विचारते.

मामाजींना का नाही विचारलं, असं तुमच्या मनात येईल. ते सध्या जरा गुंतलेले आहेत.

टोळांचं तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. आमच्याकडे ते शनिवारी आले. उन्हं उतरायला लागली होती. आर्वीच्या बाजूनं मातकट, लालसर असं काहीतरी उठलं, वावटळ असेल म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. मग आवाज आला. वाळल्या तुरीच्या रानातून वारा शिरावा तसा. बाया थाळ्या घेऊन धावल्या. मार्चमध्ये दारात वाजवायला काढलेल्या थाळ्या पुन्हा कामाला आल्या, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसलेसुद्धा. शेजारच्या शेतातल्या बंडूजींनी ट्रॅक्टरवर लग्नातले बॉक्स चढवून गाणी लावली. टोळांना गाणी आवडली असावीत. ते सरळ आपल्या संत्र्याच्या बागेवर आणि धुऱ्यावरच्या, बांधावरच्या चिंचेवर उतरले. फांद्या खाली वाकल्या, पानं दिसेनात.

सगळं गाव हवालदिल झालं होतं आणि मामाजी धुऱ्यावर बसून हरखले होते. कारण पाखरं आली होती. कुठून कळलं त्यांना कोण जाणे. कावळे, घारी, साळुंक्या, आणखी कितीतरी. ते मला एकेक दाखवत होते, "पाह्य, पाह्य, थो काळा गोविंद कसा सूर मारून राह्यला. अन् थे सातभाई पाह्य, सातीच्या साती खाली बसले जेवाले. आपल्याले काई कराव लागत नाई वेदश्री. यायची पंगत बसली." मी बागेकडे पाहत होते. पाखरांकडे पाहायला हवं होतं, म्हणजे आज नावं विचारावी लागली नसती.

मध्येच उठावं लागलं. आता पुन्हा लिहिते.

तर सांजेला ग्रामपंचायतीची आणि शेतकी खात्याची माणसं आली. टोळ रात्री बसतात आणि पहाटे गारव्यानं जड झालेले असतात, तेव्हाच औषध मारलं पाहिजे, असं त्यांनी समजावलं. मामाजी म्हणाले, बागेवर मारा, बाभळीवर मारा, चिंचेला हात लावू नका. चिंचेवर ढोरबगळ्यांनी नुकत्याच काड्या आणायला सुरुवात केली होती. ती त्यांची दरवर्षीची वस्ती, तुम्हाला मी काय सांगणार.

बंडूजी तापले. "रूपरावजी, अर्धी धाड तुमच्या चिंचेवर बसून आहे. सकाळी थे उठन अन् माह्या वांग्यावर पडन. तुमचे बगळे मले वांगे देतीन का?"

"बगळेच खातीन त्याईले. दोन दिवस दम धरा."

"इतके टोळ खायले बगळे कोठून आनता? नागपूरवरून मागवता का?"

लोक हसले. मामाजींनी रजतकडे पाहिलं. रजत औषधाच्या डब्यावरचं वाचत राहिला. ताई, मी त्याला दोष देत नाही, तुम्हीही देऊ नका. उन्हाळ्यात सगळ्या गावाचं हिरवं म्हणजे बागा आणि भाजीपाला तेवढंच उरलं होतं, आणि बंडूजींचं म्हणणं खोटं नव्हतं. पहाटे माणसं आली तेव्हा मामाजी चिंचेखाली जाऊन उभे राहिले. रजतनं त्यांना दंडाला धरून बाजूला आणलं आणि चिंचेवर पाइप त्यानं स्वतः धरला. परक्या माणसानं मारण्यापेक्षा आपण मारलेलं बरं, घरट्यांच्या फांद्या तरी वाचवीन, असं त्याच्या मनात होतं. ते त्यानं मला नंतर सांगितलं. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

औषधानं काम केलं. उरलेले टोळ उन्हं वर आल्यावर उडून गेले, सेलूकडे की कुठे. चिंचेखाली आणि बागेत मेलेल्या, अर्धमेल्या टोळांचा थर पडला. लोकांनी एकमेकांना चहा पाजला. आणि मग पाखरं आली. कालच्यापेक्षा दुप्पट. त्यांना काय माहीत. वाढलेलं ताट होतं त्यांच्यापुढे.

मामाजी घरातून थाळी घेऊन आले. ज्या माणसानं गावातल्या पोरांच्या हातातल्या गलोली काढून चुलीत घातल्या, तो माणूस थाळी बडवत पाखरांच्या अंगावर धावत होता. ढेकळं मारत होता. नाव घेऊन ओरडत होता, "अबे गोविंदा, उठ! जाय! खाऊ नको, इख हाये त्यात!" इकडून उठवली की तिकडे बसत. एक साळुंकी त्यांच्यासमोर पाय वर करून पडली. तेव्हा त्यांनी थाळी टाकली आणि पोती आणली. टोळच उचलून टाकले म्हणजे पाखरं काय खातील, हे त्यांचं गणित. मी हातमोजे घेऊन मागे मागे फिरले. "हातमोज्यानं चिमटीत येत नाई," म्हणाले. भर उन्हात, उपाशी, उघड्या हातांनी ते टोळ वेचत होते. घाम आला की त्याच हातानं पुसत होते. रजत आला, म्हणाला, "बाबा, लोक पाहून राह्यले. चला घरी." त्यांनी मान वर केली नाही. मग रजतही पोतं घेऊन बसला, आणि थोड्या वेळानं बंडूजीसुद्धा. दोघांनी हातांना पिशव्या बांधल्या होत्या. मामाजींनी नाही.

आणि मध्ये एकदा ते सवयीनं बाभळीखाली टेकले. कमरेची पुडी काढली, त्याच तळव्यावर तंबाखू-चुना चोळला आणि तोंडात टाकला. मी पाहत होते. माझ्या लक्षात आलं तोवर फार उशीर झाला होता.

ताई, शाळेचं काम वगैरे काही नाही. मी हे पत्र वर्ध्याच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहिते आहे. मघाशी उठले ती सिस्टरनं हाक मारली म्हणून. मामाजी आत आहेत. त्याच दुपारी त्यांना मळमळ सुरू झाली, तोंडातून लाळ, अंगभर घाम, हातापायाच्या शिरा आपोआप उडायला लागल्या. बंडूजींच्या गाडीतून आणलं. वाटेत श्वास घ्यायला जमेना. तीन दिवस नळी होती, काल काढली. डॉक्टर म्हणतात, वयाच्या मानानं चिवट आहेत. तरी अजून काही सांगता येत नाही, असंही म्हणतात. दिवसा मी असते, रात्री रजत. एकाच माणसाला आत सोडतात.

नळी काढल्यापासून ते बोलतात. शुद्धीत नाहीत. औषध उतरवायला जे इंजेक्शन देतात त्यानं असा भ्रम होतो म्हणे. तोंड कोरडं पडलेलं, डोळे लाल, आणि हात सारखे चादरीवरून काहीतरी वेचत असतात. हात बांधावे लागले. ते पाहवत नाही, म्हणून मी आत असले की सोडते आणि धरून बसते. ते पाखरांना हाका मारतात. सिस्टरनं मला विचारलं, "हे गोविंद कोण? तुमचे दीर का? येत असतील तर बोलावून घ्या." मला हसू आलं आणि मग थांबेना, नंतर ते हसूच राहिलं नाही. गोविंद गेला का, असं ते विचारतात. मी म्हणते, गेला मामाजी, उडाला, खाल्लं नाही त्यानं. मग घटकाभर शांत होतात. पण एखाद्या नावाला मी भलतंच उत्तर देते. चास जमिनीवरून उठला म्हटलं तर चिडले, चास तारेवर बसते म्हणाले, आणि पुन्हा हात झाडायला लागले. म्हणून नावं हवी होती. एवढं खरं होतं त्यात.

आता उरलेलं सांगते. त्यासाठीच एवढे कागद घातले.

काल दुपारी ते म्हणाले, "भोरड्या आल्या." मी म्हटलं, गेल्या. तर उठून बसायला लागले. म्हणाले, "गेल्या कोठं? जवारीच्या पट्ट्यात उतरल्या पाह्य. सपने, गोफन घे. माळ्यावर चढ. सपने, हाकल वो बाई, पुरी जवारी खातीन."

आपल्या शेतात ज्वारी पेरून, राखणीचा माळा बांधून किती वर्षं झाली, मला तर माहीतही नाही. मी आल्यापासून पाहिलेली नाही. आज पुन्हा तेच. सकाळपासून पाखरं कमी आणि तुमचं नाव जास्त आहे. सिस्टर आता गोविंदचं विचारत नाही, सपना कोण ते विचारते.

या घरात हे नाव मी मामाजींच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आईसुद्धा त्यांच्यासमोर "पोरगी" एवढंच म्हणतात. मी फोनवर त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "नाव घेतलं? अजून एकडाव सांग बरं, काय म्हनलं त्यायनं." मी सांगितलं. पुन्हा म्हणाल्या, सांग.

रजत म्हणतो तुम्हाला कळवू नको. "भ्रमात बोलून राह्यले थे. त्याचा अर्थ काढू नको. ताई धावत येईन, बाबा शुद्धीवर येतीन, अन् तिले पाहून भिंतीकडे तोंड करतीन. मंग? तिनं एकदा सोसलं, दुसऱ्यांदा काऊन सोसाव?" त्याचं चूक आहे असंही मला म्हणवत नाही. तुम्ही मामाजींच्या मनाविरुद्ध लग्न करून गेल्यानंतर दाराशी काय काय बोलणं झालं, हे मी आईंकडून ऐकलं आहे.

पण तुमचं नाव माझ्या कानावर पडलं आणि तुमच्यापर्यंत पोचलंच नाही, तर ते मी माझ्याजवळ ठेवून घेतल्यासारखं होईल. तुमची वस्तू तुमच्याकडे पाठवते. यायचं की नाही हे मी सांगत नाही. तेवढा अधिकार मला नाही. नावं मात्र जमतील तशी लिहून पाठवा, त्यांना उपयोग होईल की नाही माहीत नाही, मला होईल.

सिस्टर हात करते आहे. थांबते.

आपली,
वेदश्री

*

आंजी (मोठी)
ता. २४ जून २०२०

प्रिय सपनाताई,
आधी तुमचा जीव भांड्यात पडू दे. मामाजी घरी आहेत. जेवतात, अर्धी भाकर आणि वरणाचं पाणी. उजवा हात थरथरतो आणि ओसरीपर्यंत चाललं की दम लागतो. डॉक्टरांनी शेत बंद केलं आहे, तंबाखू बंद केली आहे. त्यामुळे दिवसभर बाजेवर पडून येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसतात. आई म्हणतात, आता बरे झाले.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. वर्षालीनं तुम्हाला आधीच फोनवर सांगितलं होतं, आणि मामाजी घरी आल्याचंही तिनंच कळवलं, हे वाचून मला हायसं वाटलं. माझं पत्र वाटेत असताना तुम्ही रोज रात्री फोन हातात घेऊन बसत होतात, हे मात्र तिनं मला सांगितलं नव्हतं. आपण दोघी एकाच वेळी फोन हातात घेऊन बसलो होतो म्हणायचं.

ते शुद्धीवर आले त्या दिवसापासून सांगते. डोळे उघडून त्यांनी पहिलं विचारलं, "बगळे?" तेव्हा रजत आत होता. त्यानं खोटं सांगितलं नाही. काही मेले, उरलेले चिंच सोडून गेले. मेलेले त्यानं आणि बंडूजींनी खड्डा करून पुरले. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाइप तूच धरलता ना?" रजत हो म्हणाला. "बरं." एवढंच. त्यानंतर दोघांत कामापुरतंच बोलणं आहे. रजत रोज त्यांचे पाय चेपतो आणि ते चेपून घेतात. चिंच यंदा रिकामी आहे. पाऊस वेळेवर लागला, कपाशीची सरकी टोबून झाली, बंडूजींची वांगी बाजारात गेली. बगळे काही आले नाहीत. गावात कुणी तो विषय काढत नाही.

तुमचं नाव घेतल्याचं त्यांना काहीच आठवत नाही. त्यांना सांगण्याची हिंमत ना रजतला झाली ना आईंना. मलाही नाही.

पण तुमचं पत्र आल्यावर मला घरात बसवेना. स्वयंपाकघरातून ओसरी, ओसरीतून परसदार. दोनदा दूध उतू गेलं. आई म्हणाल्या, काय अंगात आलं का तुह्या? शेवटी मी पत्राचं ते एक पान वेगळं केलं, ज्यावर तुम्ही नुसती नावं लिहिली होती, आणि मामाजींच्या बाजेजवळ स्टूल घेऊन बसले. म्हटलं, "मामाजी, शाळेतल्या मुलांसाठी पाखरांची नावं जमवली आहेत. टोळ खाणारी. बरोबर आहेत का सांगा." पुन्हा शाळेचंच निमित्त. दुसरं मला सुचतच नाही.

ते डोळे मिटून पडले होते. मी वाचायला लागले. काळा गोविंद म्हणजे कोतवाल, शेपटीला कात्री असलेला. ते म्हणाले, हं. चास म्हणजे दसऱ्याला पाहतात तो निळा, तारेवर बसणारा. हं. ढोरबगळा हाच गायबगळा, ढोराच्या पायाशी फिरतो म्हणून. यावर त्यांनी नुसती मान हलवली. खाटीक, काटेरी झाडावर शिकार टोचून ठेवणारा. हं. आई आत भांडी घासत होत्या, त्यांचा आवाज थांबला. मी पुढे वाचलं, भोरडी हिवाळ्यात ज्वारीवर येते, पळसमैना तिच्यासारखीच दिसते पण वेगळी, ती पळस फुलला की येते.

मामाजींनी डोळे उघडले. "चूक हाये."

मी म्हटलं, काय चुकलं?

"भोरडी अन् पळसमैना येकच पाखरू. कनसात दाना असला का आपन शिव्या देतो, भोरडी म्हनतो. पळस फुलला अन् त्याच्यावर जाऊन बसली का पळसमैना म्हनतो. पाखरू थेच. जवारीच्या वक्ती चोर, टोळ पडले का राखनदार. आपलं नाव बदलते, थे कोठं बदलते?" एवढं बोलून त्यांना धाप लागली. मी पाणी दिलं. ते एक घोट प्याले आणि पेला हातातच धरून बसले. पाणी धोतरावर सांडत होतं.

मग म्हणाले, "मी माळ्यावर बसवून शिकवलतं तिले. इसरली थे."

ताई, मी नाव सांगितलं नव्हतं. पत्र कुणाचं हे एका शब्दानं बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "गोविंदाच्या शेपटीले कात्री म्हननारी दुसरी कोन हाये? मले आधीच समजलं होतं. वाच म्हनलं, पाहू पुढं काय लिवलं." आणि मग पुन्हा, जरा मोठ्यानं, जणू मला नीट ऐकू आलं नसावं, "तिले लिहून पाठवजो. येकच पाखरू हाये म्हनावं."

आई दारात आल्या होत्या. राखेचे हात तसेच. इतक्या वर्षांत मी त्यांना मामाजींसमोर एवढं सरळ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "लिहून काऊन पाठवाव? तिलेच बोलवा अन् सांगा."

मामाजींनी पेला खाली ठेवला.

"मी विचारून राह्यली. येऊ दे का माह्या पोरीले?"

"मी काय रस्ता अडवून राह्यलो कोनाचा?" असं म्हणून ते कुशीवर वळले. भिंतीकडे. रजत म्हणाला होता तसंच.

आई तिथेच उंबऱ्यावर बसल्या आणि पदरानं तोंड झाकून रडल्या. मामाजींनी ते ऐकलं असणार. ते वळले नाहीत, पण "रडून काऊन राह्यली, चहा ठेव" असं मात्र म्हणाले.

संध्याकाळी रजत आला तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. पुन्हा त्याच्याशी वाद घालावा लागेल म्हणून मी कंबर कसून होते. त्यानं गाडीची किल्ली खुंटीला लावली, काढली, पुन्हा लावली. म्हणाला, "असं म्हनले? रस्ता अडवून राह्यलो का, असं?" मग ओट्यावर जाऊन मोबाइलमध्ये जिल्ह्याबाहेरून यायच्या पासाचा अर्ज शोधत बसला. तुमची कागदपत्रं लागतील, आधार कार्डाचे फोटो त्याला पाठवा. त्याचा नंबर पाकिटाच्या मागे लिहिते. तो तुम्हाला स्वतःहून फोन करणार नाही, त्याला तोंड नाही असं तो म्हणतो. तुम्हीच करा. लहान भाऊ आहे.

आता मी तुम्हाला या म्हणते. मागच्या पत्रात म्हटलं नव्हतं. पण फसवून बोलवणार नाही. त्या बोलण्याला निमंत्रण म्हणतात का, मला माहीत नाही. या घरात सहा वर्षं काढल्यावर एवढं कळतं की त्यांच्याकडून यापेक्षा जास्त येणार नाही, आणि जे आलं ते थोडं नाही. तुम्ही अंगणात आलात की ते कदाचित उठून आत जातील. जावईबापूंकडे पाहणार नाहीत. जेवताना ताट वेगळं मागतील. एखादं असं बोलतील की तुम्हाला वाटेल, कशाला आलो. मुलांना आधी समजावून आणा. तुम्हाला हे सोसायचं नसेल तर मी समजू शकते, आईंनाही मी समजावेन.

आणि सोसायचं असेल तर लवकर या. डॉक्टर रजतला बाजूला घेऊन काय म्हणाले ते तो मला पूर्ण सांगत नाही. रात्री खोकला येतो तेव्हा आम्ही तिघंही आपापल्या जागी जागे असतो आणि कुणी कुणाला हाक मारत नाही.

आज सकाळी मामाजींनी मला विचारलं, पत्र टाकलं का. मी म्हटलं, लिहिते आहे. "मंग लिही ना लवकर. पोष्ट बंद होईन." पोस्ट पाच वाजेपर्यंत उघडं असतं हे त्यांना चांगलं माहीत आहे, तेव्हा अकराही वाजले नव्हते.

गाडी गावात शिरली की कुणाला विचारत बसू नका, सरळ घराशी या. मामाजी काय करतील ते करोत. दार मी उघडीन.

तुमची,
वेदश्री